बट्टा टाकणारा शोधा!

मे महिना. कॉलेज बंद, टीम पांगलेली, बॅट कोपऱ्यात. पेण-रोह्यात बेसबॉल खेळणाऱ्यांनी समोरून येणारा खराखुरा बॉल आणायचा कुठून?

सकाळचे पावणेसहा. पेणमध्ये ऊन अजून वर आलेलं नाही, पण घाम मात्र सुटलाय. अंगणात आई आणि काकू पोह्याचे पापड वाळत घालायच्या तयारीत आहेत. घरामागे तुम्ही एकटेच. समोर प्लॅस्टिकचा पाइप उभा करून बनवलेला टी, त्यावर एक बॉल, पलीकडे दोरीवर टाकलेली जुनी सतरंजी. बॅट फिरते, ठप्प. बॉल उचला, परत ठेवा. ठप्प.

शंभर होतात. दीडशे होतात. स्विंग मस्त बसतोय, मोबाइलवर काढलेला व्हिडिओही भारी दिसतोय. आणि मग अचानक लक्षात येतं की गेल्या तीन आठवड्यांत आपल्या दिशेने एकही बॉल आलेला नाही. सगळे बॉल आपणच ठेवले आणि आपणच मारले.

क्रिकेट खेळणाऱ्याचं बरं असतं. रस्त्यावर बॅट घेऊन उभं राहिलं की दोन पोरं आपोआप बॉलिंग टाकायला येतात. बेसबॉलची बॅट घेऊन उभं राहिलात तर लोक आधी दोन पावलं मागे सरकतात आणि मग विचारतात, 'हे क्रिकेटच ना, पण गोल बॅटने?' तुमचा पिचर पनवेलला घरी गेलाय, कॅचर आजोळी आंबे खातोय आणि सर सुट्टीवर आहेत.

'ठीक आहे, जूनमध्ये बघू' असं म्हणाल, तर जरा कॅलेंडर बघा. कोकणात साधारण १० जूनच्या आसपास पाऊस येतो. एकदा आला की मैदानात चिखल, शेतात पाणी, आणि गणपती होऊन गेले तरी जमीन पुरती वाळलेली नसते. इकडे कॉलेज सुरू झालं की टीम निवडीची धावपळ सुरू. म्हणजे ज्या दिवसांत तुमची परीक्षा होणार, त्या दिवसांत सराव करायला जागाच नाही. मैदान आहे ते आत्ता. परीक्षा संपल्यापासून पहिल्या सरीपर्यंतचे जेमतेम पाच-सहा आठवडे. ते टीवर बॉल ठेवण्यात गेले, तर गेलेच.

मारणं सोपं, ठरवणं अवघड

टीवरचा सराव वाईट नाही. स्विंगचा रस्ता पक्का करायला तो लागतोच. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावात घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांवर गोल्फचा बॉल आपटून तो स्टम्पने मारायचा, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एकट्याने केलेला सरावच तो. पण नीट बघा, त्याचा बॉल स्थिर नव्हता. विटांवरून कुठूनही उसळून त्याच्याकडे परत येत होता.

बेसबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते. पाऊल पुढे टाकून तो बॉल सोडतो, तेव्हा तुमच्यातलं अंतर उरतं साधारण १७ मीटर. ११५ किलोमीटर वेगाने बॉल आला तर तुमच्या हाती वेळ असतो अर्ध्या सेकंदाहून जेमतेम जास्त. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्यात बॉल ओळखायचा, तो प्लेटवरून जाणार की बाहेरून हे ताडायचं आणि मारायचं की सोडायचं हे ठरवायचं.

हे ठरवणं टी शिकवत नाही. बॉलिंग मशीनही पूर्ण शिकवत नाही. मशीनला खांदा नसतो, मनगट नसतं. एकाच भोकातून एकाच उंचीवर बॉल येतो आणि चौथ्या बॉलला तुम्हाला त्याची चाल पाठ झालेली असते. माणूस फेकतो तेव्हा त्याचं पाऊल, खांदा, कोपर, बोटं सगळं आधी काहीतरी सांगत असतं. ते वाचायची सवय डोळ्यांना लागते आणि सराव सुटला की ती सवयही सुटते.

आणि दुसरी गोष्ट. मशीनला तुम्हाला आउट करायचं नसतं. माणसाला करायचं असतं.

रमाकांत आचरेकर सरांना हे पक्कं माहीत होतं. शिवाजी पार्कवर सराव संपत आला, सचिन दमला, की ते स्टम्पवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बॉलर सचिनला आउट करील, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी सचिनने आयुष्यभर जपून ठेवली. रुपयात तेव्हाही फार काही येत नव्हतं, पण त्यामुळे थकलेल्या बॅट्समनसमोरचा प्रत्येक बॉलर जीव तोडून धावत यायचा. सरांनी एका रुपयात खरा सामना उभा केला.

तुम्हाला हवाय तो हा बॉल. आउट करायच्या इराद्याने आलेला.

बॉलर नको, फिल्डर हवा

आता बघा, रायगडात एप्रिल-मेमध्ये काय चालू असतं? टेनिस क्रिकेट. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, गावाबाहेरच्या मैदानात, शाळेच्या पटांगणात. मंडप, स्पीकर, कॉमेंट्री आणि बक्षिसाचा बोर्ड. तुमच्या वयाची, मजबूत खांद्यांची पोरं या दिवसांत इथेच सापडतात.

पण तिथे जाऊन स्टार बॉलरला गाठू नका. त्याने वर्षानुवर्षं हात सरळ ठेवून बॉल टाकायची सवय केलीये. कोपर वाकवून फेकायला सांगितलं की त्याचा बॉल कुठेही जाईल आणि खांदाही दुखेल. तुम्ही बाउंड्रीकडे बघा. डीप मिडविकेटवरून सपाट थ्रो थेट कीपरच्या ग्लव्हजमध्ये घालणारा एखादा असतो. तो तुमचा माणूस.

आणि त्याहून भारी माणूस म्हणजे बट्टा टाकणारा. प्रत्येक गावात एक तरी असतोच. त्याने बॉल टाकला की समोरची टीम ओरडते, 'बट्टा हाय, बट्टा!' अंपायर हात आडवा करतो आणि कॅप्टन त्याला पुन्हा ओव्हर देत नाही. क्रिकेटमध्ये ज्या हातामुळे त्याला बाजूला बसवलं जातं, नेमका तोच हात बेसबॉलमध्ये लागतो. त्याला आजवर कुणी म्हटलं नसेल, 'दादा, तू बट्टाच टाक. जेवढा जोरात येतो तेवढा टाक.' तुम्ही म्हणून बघा.

ही नुसती गंमत नाही. २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली होती. क्रिकेटच्या देशात जोरात आणि नेमका फेकणारा हात शोधायचा, एवढंच तिचं काम. त्यातून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू. बेसबॉल त्यांनी कधी खेळलाच नव्हता. अमेरिकेत टॉम हाउस या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. हात भाल्यात तयार झाला होता, बेसबॉलला तो फक्त सापडायला हवा होता. तसा एखादा हात हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती उचलत असेल, नाहीतर कासूच्या मैदानात लॉंग ऑनला उभा असेल.

जवळून टाका, हळू टाका

'पण तो काय ११५ च्या वेगाने टाकणार?' नाही टाकणार. टाकायची गरजही नाही. इथे शाळेतलं गणित कामाला येतं.

त्याला पट्टीपर्यंत मागे नेऊच नका. तुमच्यापासून १२ मीटरवर त्याच्या हातातून बॉल सुटेल असं उभं करा. तिथून ८० किलोमीटर वेगाने टाकलेला बॉल तुमच्याकडे यायला जेवढा वेळ घेतो, साधारण तेवढाच वेळ १७ मीटरवरून ११५ ने आलेला बॉल घेतो. दोन्ही वेळा अर्ध्या सेकंदाच्या थोडं पुढे. बॉलचा मार्ग हुबेहूब तसा नसेल, पण ठरवायला मिळणारा वेळ तोच. आणि चांगला फिल्डर ८० ने आरामात फेकतो.

मुलींनो, सॉफ्टबॉल खेळत असाल तर गणित आणखी सोपं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी १३.११ मीटरवरच असते आणि बॉल खालून टाकायचा असतो. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा तर आपल्याकडे चाळीचाळीत आणि वाडीवाडीत होतात. त्यातला सरळ, वेगवान टाकणारा कुणीही सरावाला चालेल. आणि घरातही विचारा. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलेली, बारावीनंतर सुटलेली एखादी ताई किंवा वहिनी जवळपास असू शकते. तिला पुन्हा कुणी विचारलंच नसेल.

घरातल्या माणसाने बॉल टाकण्यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेतल्या होम रन डर्बीत खेळाडू आपला फेकणारा स्वतः निवडतो. २०११ मध्ये रॉबिन्सन कानो जिंकला तेव्हा समोरून त्याचे वडील बॉल टाकत होते. २०१८ मध्ये ब्राइस हार्परलाही त्याच्या वडिलांनीच टाकले. जगातले एवढे मोठे बॅटर, आणि ऐन मोक्याला हात कुणाचा? बाबांचा.

आधी जाळं, मग जोर

आता एक गोष्ट नीट ऐका. इतक्या जवळून फेकणाऱ्याच्या अंगावर तुम्ही मारलेला बॉल परत गेला, तर त्याला हलायलाही वेळ मिळणार नाही. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं आणि तो कडक असतो. म्हणून पहिला आठवडा टेनिस बॉलनेच खेळा. त्याला नेम बसवू द्या, तुम्ही नजर बसवा.

लेदरच्या बॉलकडे जायचं असेल तर एल-स्क्रीन हवीच. म्हणजे साधारण सात फूट बाय सात फुटांची लोखंडी चौकट, जाळी लावलेली आणि हात वरून जाईल एवढा एका बाजूचा वरचा कोपरा कापलेला. बॉल सोडला की फेकणाऱ्याने उंच भागाच्या आड व्हायचं. वेल्डिंगवाल्याला कागदावर चित्र काढून दाखवलंत तर तो पाइप जोडून देईल. कोळीवाड्यातून जुनं जाळं मिळालं तर उत्तम, पण ते दुहेरी लावा, थोडं सैल सोडा आणि मागे कुणी नसताना जोरात बॉल मारून आधी तपासा. स्क्रीन नसेल तर लेदर बॉल नाही. यात तडजोड नाही.

तुमच्या डोक्यावर हेल्मेट हवं. बेसबॉलचं नसेल तर क्रिकेटचं घाला, पण उघड्या डोक्याने उभे राहू नका. मागे कॅचर म्हणून बिनापॅडचा मित्र बसवू नका. दोन बांबू रोवून सतरंजी बांधा आणि त्यावर खडूने स्ट्राइक झोनची चौकट काढा. रुंदी होम प्लेटएवढी, म्हणजे ४३ सेंटीमीटर. उंची तुमच्या गुडघ्याच्या खालच्या कडेपासून खांदा आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत. बॉल कुठे लागला यावर भांडण उरत नाही.

आणि त्याच्या खांद्याची काळजी तुम्ही घ्यायची, कारण उत्साहाच्या भरात तो घेणार नाही. अमेरिकेत १७-१८ वर्षांच्या पिचरसाठी जे नियम सुचवलेत, त्यात दिवसाला ३० बॉलपर्यंत सक्तीची विश्रांती नसते. त्यापुढे गेलं की एक दिवस सुट्टी, आणखी पुढे गेलं की जास्त. तुमचा माणूस तर पिचरही नाही. तेव्हा वॉर्म-अपनंतर जोराचे ३० बॉल, बास.

तीस बॉलांत काय होतं?

बरंच होतं, जर ते नीट वापरले तर.

पहिले १० बॉल बॅट खांद्यावरच ठेवा. मारायचं नाही. बॉल हातातून सुटताना बघा आणि तो प्लेटपर्यंत यायच्या आत मोठ्याने बोला, 'हो' किंवा 'नाही'. हो म्हणजे स्ट्राइक. मागच्या चौकटीवर खूण बघून हिशेब ठेवा. पहिल्या दिवशी दहातले पाच बरोबर आले तरी खूश व्हा. मेअखेर आठ आले की समजा डोळे जागे झाले.

पुढचे १० मारा, पण त्याला सरळच टाकायला सांगा. बाहेरचा बॉल उलट्या बाजूला, आतला ओढून. मोठा फटका मारायचा मोह टाळा. शेतात बॉल शोधण्यातच अर्धा तास जातो.

शेवटचे १० म्हणजे सामना. एक बॉल, दोन स्ट्राइक झालेत असं समजून सुरुवात करा. आता त्याने काहीही टाकावं. हळू, जोरात, बाहेर, आत. स्टम्पवर एक नाणं ठेवा. आजकालच्या रुपयात चॉकलेटही धड येत नाही, म्हणून हवं तर वडापाव लावा. फरक पडतो तो इथेच. त्याच्या चेहऱ्यावर 'आज याला काढतोच' असं दिसायला लागलं की समजा सराव सुरू झाला.

पेण ते रोहा

समजा, अख्ख्या पेणमध्ये तुम्ही एकटेच बेसबॉलवाले. रोह्यातही कुणीतरी असाच एकटा सतरंजीवर बॉल मारत असेल. दोघं एकटे एकत्र आले की एक बॅटर आणि एक फेकणारा होतो. अर्ध्या तासाने अदलाबदल.

पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पॅसेंजरची एवढीच स्टेशनं. गाड्या मोजक्या आहेत, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस ठरवा आणि ते मोडू नका. एकदा त्याने इकडे यावं, एकदा तुम्ही तिकडे जावं, नाहीतर दोघांनी मध्ये नागोठण्याला भेटावं. विद्यापीठाच्या मागच्या स्पर्धेत ज्याच्याविरुद्ध खेळलात त्याचा नंबर असेलच कुणाकडे तरी. कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांना एक मेसेज टाका. प्रतिस्पर्धी कॉलेजचा असला तर अजून चांगलं. तो तुम्हाला सोपा बॉल देणार नाही.

रोह्यात धाटाव एमआयडीसीत पाळीने काम करणारी पोरंही आहेत. त्यांच्या पाळ्या आधी विचारा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सहाला मैदानात बोलावू नका. तो पहिल्या दिवशी येईल, दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही.

फुकट कुणी का येईल?

खरी अडचण ही आहे. जागा मिळते, जाळंही मिळतं. तिसऱ्या दिवशी माणूस येत नाही.

आणि तो का यावा? तुम्ही बॅटिंग करणार, मजा तुमची. तो उन्हात तीस बॉल टाकणार, वर ते उचलायलाही जाणार. सगळ्या सरावात आपल्याला काय मिळेल एवढंच आपण बघतो. त्याला काय हवंय, हे एकदा विचारा तरी. त्याच्या टीमला रविवारी एक फिल्डर कमी पडतोय? तुम्ही जा. बेसबॉलवाल्याला कॅच सोडायची सवय नसते, तुमचं स्वागत होईल. त्याला हायर सेकंडरीच्या इंग्रजीत अडतंय? संध्याकाळी अर्धा तास बसा. स्कोअर लिहायला कुणी नाही? वही घ्या. आणि बॉल उचलायला मात्र रोज तुम्हीच जा. एवढं केलंत तर माणूस टिकतो.

अजून एक शक्यता आहे. तो कॉलेजात शिकत असेल किंवा यंदा प्रवेश घेणार असेल, तर जुलैमध्ये त्याला निवड चाचणीला घेऊन जा. ज्याला क्रिकेटने बाजूला बसवलं, तो तुमच्या टीमचा पिचर होऊ शकतो. मग पुढच्या मेमध्ये तुम्हाला कुणाला शोधत फिरावं लागणार नाही.

कदाचित हे सगळं एवढं छान जमणारही नाही. आठवड्यातून चारऐवजी दोनच दिवस होतील. त्याचा नेम चुकेल, बॉल मांडीवर बसेल, काळानिळा डाग पडेल. वळवाची एक सर येऊन दोन दिवस वाया घालवेल. तरी पाच आठवड्यांत दहा वेळा जमलं तर तीनशे जिवंत बॉल झाले. टीवरच्या तीन हजारांनी जे दिलं नसतं, ते या तीनशेंनी दिलेलं असेल.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आभाळ भरून येईल. शेवटचा बॉल. तुम्हाला वाटेल जोरात येणार आणि तो हळू टाकेल. बॅट आधीच फिरून गेलेली असेल, मागे सतरंजीवर ठप्प असा आवाज येईल, आणि तो हसत हसत येऊन स्टम्पवरचं नाणं खिशात टाकेल.

तुम्ही बॉल उचलायला जा आणि जाता जाता विचारा, 'उद्या किती वाजता?'